सदस्य बदलत राहिले तरी रॉक बँड कसा चालू ठेवावा

बडोद्यात रॉक बँड काढणाऱ्याने पहिल्या तालमीच्या आधी एक कागद घ्यावा आणि प्रत्येक सदस्य पुढच्या तीन वर्षांत कुठे असण्याचा संभव आहे, हे त्याच्याच तोंडून ऐकून लिहून ठेवावे. महाराजा सयाजीराव विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेला गिटारवादक जूननंतर पुण्याला किंवा बेंगळुरूला नोकरीत असेल. फाइन आर्ट्सची गायिका पुढच्या शिक्षणासाठी परदेशी जायच्या तयारीत असेल. ड्रमरला मांजलपूरचे वडिलांचे दुकान सांभाळायचे असल्यामुळे कदाचित तो एकटाच गावात राहील. हा कागद वाचून मन खट्टू होते, तरीही तो लिहावाच. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या मागच्या खोलीतून मी गेली १७ वर्षे एक बँड चालवतो आहे. त्यात आजवर १३ जण वाजवून गेले आणि सुरुवातीच्या चौघांपैकी आता मी एकटा उरलो आहे. एवढ्या काळात मला पक्की पटलेली गोष्ट अशी की सदस्याच्या जाण्याची व्यवस्था तो येतो त्या दिवशीच करायची असते. तो निघाल्यावर केलेल्या व्यवस्थेला भांडणाचा वास येतोच, मग माणसे कितीही चांगली असोत.

आपल्या गावाच्या दोन गोष्टी आधी ध्यानात घ्याव्यात, कारण मुंबई-पुण्याच्या बँडांचे सल्ले इथे जसेच्या तसे लागू पडत नाहीत. पहिली गोष्ट दारूबंदीची. १९६० साली गुजरात राज्य झाले तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, त्यामुळे इतर शहरांत ज्या पबमधून बँडला आठवड्याला एखादा कार्यक्रम आणि ठरावीक पैसे मिळतात, ती सोय आपल्याला नाही. आपले कार्यक्रम कॉलेजांच्या महोत्सवांत, नगरगृहांत, कॅफेंमध्ये आणि खासगी समारंभांत होतात, आणि ते बहुतेक डिसेंबर ते फेब्रुवारी या तीन महिन्यांत दाटीने येतात. वर्षभराची कमाई माणसाला धरून ठेवते, तीन महिन्यांची ठेवत नाही, हे बँडप्रमुखाने मनाशी कबूल करून पुढचे बेत आखावेत.

दुसरी गोष्ट नवरात्राची. गावातले चांगले ड्रमर, कीबोर्डवादक आणि बासवादक त्या नऊ रात्री गरब्याच्या ऑर्केस्ट्रात असतात, आणि त्यांच्या तालमी त्याआधी कितीतरी दिवस सुरू होतात. सुरुवातीच्या वर्षांत मला हा विश्वासघात वाटत असे आणि तसे मी एका ड्रमरला बोलूनही दाखवले. तो दिवाळीनंतर परत आला नाही. आज मी नवरात्राच्या महिनाभर आधीपासून कोजागरीपर्यंत बँडचा एकही कार्यक्रम घेत नाही. तो काळ गाणी लिहिण्यासाठी आणि आधी ध्वनिमुद्रित केलेल्या गाण्यांच्या मिक्सिंगसाठी ठेवतो. शिवाय रोज रात्री कित्येक तास न थांबता हींच हा गरब्याचा ठेका वाजवून आलेल्या ड्रमरच्या हातात जी ताकद आणि जो डौल येतो, तो आमच्या दोन गाण्यांना फार उपयोगी पडला आहे. जो वादक गरब्यात कमावतो, त्याला वर्षभर आपल्याबरोबर स्वतःची गाणी वाजवणे परवडते, असा याचा सरळ हिशेब आहे.

आता लेखी कराराकडे वळू. मित्रामित्रांत कागद कशाला, असे प्रत्येक नवा बँड म्हणतो, आणि मैत्री टिकावी म्हणूनच कागद हवा, असे माझे उत्तर असते. दोन पाने पुरतात, भाषा साधी मराठी, हिंदी किंवा गुजराती असावी, आणि सर्वांनी प्रत्येक पानावर सही करावी. त्यात बँडचे नाव कोणाचे, गाण्यांचे हक्क कसे, ध्वनिमुद्रण कोणाच्या मालकीचे, पैशाची वाटणी कशी, सामान कोणाचे, आणि सोडताना किती दिवस आधी सांगायचे, एवढ्या गोष्टी स्पष्ट असाव्यात. आमच्याकडे ६० दिवसांची मुदत आहे, आणि ठरलेले कार्यक्रम पूर्ण करून जाण्याची अट आहे. रीतसर भागीदारी करणार असाल तर एक धोका ओळखून ठेवा. १९३२च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात भागीदारीची मुदत किंवा ती संपवण्याची रीत लिहिलेली नसेल, तर कोणताही एक भागीदार लेखी नोटीस देऊन संपूर्ण भागीदारीच विसर्जित करू शकतो. म्हणून एक जण बाहेर पडला तरी उरलेल्यांची भागीदारी चालू राहील, हे वाक्य करारात असलेच पाहिजे. हा मसुदा वकिलाला एकदा दाखवून घ्यावा. त्याची फी पुढच्या मनस्तापापेक्षा कमीच पडते.

नावावरून होणारे तंटे सर्वांत कडू असतात. फ्लीटवुड मॅक हा १९६७ साली लंडनमध्ये सुरू झालेला बँड पुढे जगप्रसिद्ध झाला, पण १९७४ साली त्यांच्याच व्यवस्थापकाने नाव आपल्या मालकीचे असल्याचा दावा करून वेगळेच वादक त्या नावाने दौऱ्यावर पाठवले, आणि खऱ्या सदस्यांना आपले नाव वापरण्यासाठी न्यायालयात झगडावे लागले. आपल्याकडे मनोरंजन सेवेसाठीचे नाव ट्रेडमार्कच्या ४१व्या वर्गात नोंदवता येते, नोंदणी १० वर्षांची असते आणि तिचे नूतनीकरण करता येते. नोंदणी कोणाच्या नावे करायची, हा खरा प्रश्न आहे. माझे मत असे की ती भागीदारीच्या नावे असावी, आणि नाव सध्या वाजवत असलेल्या सदस्यांकडे राहील, गेलेला सदस्य स्वतःची ओळख ‘पूर्वी या बँडमध्ये’ अशी करून देऊ शकेल, असे करारात लिहावे. संगीताचा बाजच पालटला असेल तर नाव बदलण्यातही कमीपणा नाही. मुंबईच्या रॉक मशीनने १९९३ साली इंडस क्रीड हे नाव घेतले, आणि त्या नव्या नावानेही श्रोत्यांनी त्यांना ओळखले.

गाण्यांच्या हक्कांबाबत मात्र थोडा कायदा समजून घ्यावाच लागतो. १९५७चा कॉपीराइट कायदा शब्द, चाल आणि ध्वनिमुद्रण या तीन वेगळ्या कृती मानतो. शब्दांचा हक्क गीतकाराचा, चालीचा संगीतकाराचा, आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क ज्याने पुढाकार घेऊन व जबाबदारी उचलून ते करवले त्याचा. शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. म्हणजे बावीस वर्षांच्या ज्या मुलाने आज तुमच्या खोलीत बसून चाल बांधली, तो पुढच्या वर्षी सिडनीला गेला तरी ती चाल त्याचीच राहते, आणि तुमचा बँड ती वाजवत राहणार असेल तर त्याची लेखी परवानगी हातात हवी. हक्क दुसऱ्याला देण्याचा करार लेखीच असावा लागतो. त्यात काळ लिहिला नसेल तर तो ५ वर्षांपुरता आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो, हे फार थोड्यांना ठाऊक असते. जी मंडळी गाणे इंटरनेटवरून जगभर पोहोचवतात, त्यांनी या दोन ओळी विसरू नयेत.

हे सारे सोपे करण्याची आमची रीत अशी आहे. गाणे पुरे झाल्याच्या संध्याकाळी, वाद्ये आवरण्याच्या आधी, एका कागदावर गाण्याचे नाव, तारीख, शब्द कोणाचे, चाल कोणाची आणि कोणाचा किती टक्के वाटा हे लिहून सर्वजण सह्या करतात. सुरुवातीची धून गिटारवादकाला सुचली, मधला तुकडा तालमीत सगळ्यांनी मिळून घडवला, असे असेल तर तसेच नोंदवावे. मी स्वतः त्या दिवशी खोलीत असलेल्या प्रत्येकाला चालीत वाटा देण्याच्या बाजूचा आहे, ड्रमरलासुद्धा, कारण रॉक संगीतात ठेका बदलला की गाणेच बदलते. काही बँडप्रमुख याला विरोध करतात आणि सर्व हक्क स्वतःकडे ठेवतात. त्यांच्याकडचे वादक सहसा एक हंगाम वाजवून जातात, असे मी पाहिले आहे. गीतकार आणि संगीतकार यांनी १९६९ साली स्थापन झालेल्या, गाण्यांची रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीचे सभासदत्व आपापल्या नावाने घ्यावे, म्हणजे बँड सोडल्यावरही त्यांचा वाटा त्यांना थेट मिळत राहतो आणि बँडप्रमुखाला कोणाच्या पैशाचा हिशेब ठेवावा लागत नाही.

एवढी कागदपत्रे झाली तरी गाणे वादकांच्या बोटांतच राहिलेले असते, आणि माणूस गेला की बोटेही जातात. म्हणून प्रत्येक गाण्याचे एक टाचण तयार ठेवावे, आणि या कामात मुळीच कंजुषी करू नये. टाचणात गाण्याची पट्टी, लय, रचना, कॉर्ड आणि मुख्य धून सरगममध्ये लिहिलेली असावी. लय आकड्यात लिहावी, कारण ‘जरा संथ’ हे नव्या ड्रमरला काहीच सांगत नाही. आमचे एक गाणे मिनिटाला ९२ ठोक्यांचे आहे, पण कार्यक्रमात ते ९८पर्यंत पळत असे आणि गायिकेला श्वास घ्यायला उसंत राहत नसे. आकडा लिहिल्यावर आणि ड्रमरच्या कानात मेट्रोनोम, म्हणजे ठरलेल्या लयीत टिकटिक करणारे यंत्र, दिल्यावर ते जागेवर आले. गिटारच्या पेडलवरील प्रत्येक खटक्याची स्थिती मोबाइलने टिपून टाचणाला जोडावी. आणखी एक कष्टाचे पण फार गुणाचे काम म्हणजे प्रत्येक वाद्यासाठी वेगळे मिश्रण करून ठेवणे, ज्यात ते एकच वाद्य मोठे आणि बाकीची मागे असतात. नव्या बासवादकाला असे मिश्रण दिले तर जे चार तालमींत शिकवावे लागते, ते तो दोन संध्याकाळी घरी बसून उचलतो.

स्वर लिहून ठेवण्याची ही कल्पना बडोद्याला नवी नाही. सुरसागर तलावासमोर आज जी परफॉर्मिंग आर्ट्स फॅकल्टी आहे, तिचा उगम १८८६ साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने उस्ताद मौलाबक्ष यांनी काढलेल्या गायनशाळेत आहे, आणि तिथे शिकवण्यासाठी मौलाबक्षांनी स्वतःची स्वरलिपी तयार केली होती. गुरूसमोर वर्षानुवर्षे बसण्याची सोय ज्यांना नव्हती, अशा विद्यार्थ्यांपर्यंत विद्या पोहोचवायची तर ती कागदावर यायला हवी, हे त्यांनी त्या काळी ओळखले. तीन महिन्यांसाठी आलेल्या कीबोर्डवादकाला गाणे शिकवताना मला त्या शाळेची आठवण होते.

ध्वनिमुद्रण करताना प्रत्येक वाद्याची फाइल वेगळी, २४ बिटच्या वेव्ह स्वरूपात आणि गाण्याच्या अगदी आरंभापासून सुरू होणारी अशी काढून घ्यावी. सॉफ्टवेअरमधला नुसता प्रकल्प जपून भागत नाही, कारण तीन-चार वर्षांनी सॉफ्टवेअर बदलते आणि जुना प्रकल्प उघडत नाही. दोन वेगळ्या डिस्कवर दोन प्रती ठेवाव्यात आणि त्या दोन वेगळ्या घरी असाव्यात.

गायक बदलणे हा सर्वांत कठीण प्रसंग असतो, कारण श्रोत्यांसाठी बँडचा चेहरा तोच असतो. पहिला प्रश्न पट्टीचा. समजा, जुने गाणे पांढरी तीनमध्ये (हार्मोनियमची तिसरी पांढरी पट्टी, म्हणजे ई) बांधलेले आहे आणि गिटारची मुख्य धून मोकळ्या तारांवर वाजते. नव्या गायकाला पांढरी दोन सोयीची असेल तर सर्व तारा दोन अर्धस्वर, म्हणजे दोन पडदे खाली उतरवाव्यात. बोटांची जागा तीच राहते आणि धुनीचा गोडवा टिकतो, फक्त तारा किंचित जाड घालाव्यात, नाहीतर त्या सैल पडून बेसूर होतात. गायिका आली आणि तिला पांढरी पाच हवी असेल तर तिसऱ्या पडद्यावर कॅपो, म्हणजे सर्व तारा दाबून धरणारा चिमटा, लावून काम भागते. पण पांढरी एकपर्यंत उतरायची वेळ आली तर तारा फारच ढिल्या होतात, आणि तेव्हा धून नव्याने बांधणेच बरे. मूळ पट्टीच्या हट्टापायी नव्या गळ्याला ताणू नये. मी हा हट्ट एका चांगल्या गायकाच्या बाबतीत धरला होता, आणि त्याच्या घशाला झालेला त्रास आजही माझ्या मनाला लागून आहे.

दुसरा प्रश्न तुलनेचा. नव्या गायकाला जुन्याची नक्कल करायला लावू नये, आणि जी दोन-तीन गाणी गेलेल्या आवाजाशी एकजीव झाली आहेत, ती निदान वर्षभर बाजूला ठेवावीत. दिल्लीच्या इंडियन ओशन या बँडचे उदाहरण मला नेहमी मार्ग दाखवते. १९९० साली उभ्या राहिलेल्या या बँडमध्ये असीम चक्रवर्ती गातही असत आणि तबलाही वाजवत. डिसेंबर २००९मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा बँडने त्यांच्या जागी एकच माणूस शोधण्याचा अट्टहास केला नाही. गायनासाठी हिमांशू जोशी आणि तालवाद्यांसाठी तुहीन चक्रवर्ती असे दोघेजण आले. पुढे २०१३ साली गिटारवादक सुस्मित सेनही बाहेर पडले, त्यांच्या जागी निखिल राव आले, आणि बँड वाजवत राहिला. रिकामी जागा भरताना आधी त्या जागेत किती कामे होती ते मोजावे. आमचा एक बासवादक गेला तेव्हा कळले की आयोजकांशी बोलणे, सामानासाठी टेम्पो ठरवणे आणि ध्वनियोजनेचा कागद पाठवणे ही कामेही तोच करत होता. बास वाजवणारा महिन्यात मिळाला, बाकीची कामे मार्गी लागायला वर्ष गेले.

नवा सदस्य शोधण्याचा काळ जुलै-ऑगस्टचा, कारण तेव्हा विद्यापीठात नवी मुले येतात. चाचणीसाठी आठवडाभर आधी तीन गाणी द्यावीत: एक जशीच्या तशी वाजवायची, एक स्वतःच्या मनाने वाजवायची, आणि एक अपुरी, जी तालमीत सगळ्यांबरोबर पुरी करायची. हात किती वेगाने चालतो यापेक्षा तिसऱ्या गाण्यात तो दुसऱ्यांचे किती ऐकतो, ते पाहावे. पसंत पडला तरी लगेच सदस्य करू नये. पहिले सहा महिने तो पाहुणा वादक, दर कार्यक्रमाला ठरलेले मानधन घेणारा, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंना वाटले तर करारावर सही. पाहुण्याला नफ्यात वाटा नसतो, तसेच खर्चाचा भारही नसतो, हे त्याला पहिल्याच दिवशी मोकळेपणाने सांगावे. आपल्या गावात गाणाऱ्याची भाषाही विचारात घ्यावी लागते. आमच्या बँडमध्ये मराठी गायक होता तोवर मराठी गाणी झाली, नंतरच्या गायिकेची घरची भाषा गुजराती असल्याने तिच्यासाठी हिंदी आणि गुजराती गाणी लिहिली, आणि जुनी मराठी गाणी दांडिया बाजारातल्या गणेशोत्सवासाठी मी स्वतः गायला शिकलो.

पैशाबाबत आमचा नियम साधा आहे. प्रवास, ध्वनियंत्रणा आणि जेवण यांचा खर्च वजा करून उरलेल्या रकमेचे माणसे अधिक एक इतके वाटे करायचे. पाच जणांच्या बँडला खर्च वजा जाता ३०,००० रुपये उरले तर प्रत्येकी ५,००० आणि सहावा वाटा बँडच्या खात्यात. त्यातून तालमीची खोली, तारा आणि ध्वनिमुद्रण चालते. मानधन एकाच सदस्याच्या वैयक्तिक खात्यावर घेऊ नये, कारण आयोजकाने कापलेला कर त्याच्या पॅनवर दिसतो आणि सारी रक्कम त्याचेच उत्पन्न धरली जाते. जाणाऱ्या सदस्याचा हिशेब त्याच्या शेवटच्या कार्यक्रमानंतर पंधरा दिवसांत चुकता करावा.

इंटरनेटवरची खाती, म्हणजे यूट्यूब, समाजमाध्यमे आणि गाणी वितरित करणाऱ्या सेवेचे खाते, ही बँडच्या स्वतंत्र ईमेलवर उघडावीत आणि किमान दोघांकडे त्यांची किल्ली असावी. वितरक बदलताना प्रत्येक ध्वनिमुद्रणाचा मूळ आयएसआरसी क्रमांक, म्हणजे त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख-क्रमांक, तोच ठेवावा, म्हणजे आधी ऐकले गेल्याची नोंद सहसा शाबूत राहते. तालमीच्या खोलीबाबत एवढेच की रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ध्वनिक्षेपकाला कायद्याने मनाई आहे, आणि वाड्यांच्या वस्तीत शेजाऱ्यांशी असलेले संबंध कायद्याच्याही आधी येतात. परीक्षांच्या दिवसांत आम्ही ड्रमवर जाड कापड टाकून वाजवतो.

सदस्य जायला निघाला की त्याच्याकडून एक मोलाचे काम करून घ्यावे. शेवटच्या ६० दिवसांत किमान तीन तालमींना जुना आणि नवा वादक दोघेही हजर असावेत, आणि शिकवण्याचे काम बँडप्रमुखाने न करता जाणाऱ्याने करावे. ज्या खुबी टाचणात येत नाहीत, कुठे ठोका जरासा मागे ठेवायचा, कोणत्या ओळीआधी गायकाकडे पाहायचे, त्या अशाच एका हातातून दुसऱ्या हातात जातात. शेवटच्या कार्यक्रमात त्याचे नाव मंचावरून घ्यावे आणि जुन्या ध्वनिमुद्रणांवरून ते कधीही काढू नये. रागाच्या भरात नाव पुसणारे बँड मी पाहिले आहेत, आणि मला ते अन्यायाचे वाटते.

परगावी गेलेली मंडळी डिसेंबरच्या सुट्टीत घरी येतात. त्या आठवड्यात एक छोटा कार्यक्रम ठेवावा आणि त्यात त्यांच्यासाठी दोन गाण्यांची जागा राखावी. नोव्हेंबरमध्येच त्यांना नवे टाचण पाठवावे आणि वर ठळक अक्षरांत लिहावे की हे गाणे आता पांढरी दोनमध्ये आणि ९२च्या लयीत वाजते, कारण त्यांच्या बोटांत अजून जुनी पट्टी असते.